क्लिपस्प्रिंगरची शिकार: कड्यावरचा नेम आणि कातडीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी जोहान्सबर्गला राहतो. येत्या हिवाळ्यात लिम्पोपोतल्या वॉटरबर्ग डोंगरात एका गेम फार्मवर (शिकारीसाठी वन्य प्राणी राखलेल्या खासगी रानात) क्लिपस्प्रिंगरच्या, म्हणजे कड्यांवर राहणाऱ्या छोट्या हरणाच्या, शिकारीला जायचं ठरलंय. परवाना झाला आहे, सोबत तिथलाच वाटाड्या आहे. आजवर इम्पाला आणि स्प्रिंगबक ही हरणं केली, पण सपाट रानात. हा प्राणी खांद्याशी जेमतेम दीड-पावणेदोन फूट, वजन १०-१३ किलो, खुरांच्या टोकांवर उभा राहणारा. दगडांत थांबला की दुर्बिणीतूनही पटकन सापडत नाही.

नेमाचं आधी विचारतो. उभ्या चढावर किंवा उतारावर गोळी वर लागते असं सगळे सांगतात. मग अंतर नक्की कुठलं धरायचं?

खरी काळजी कातडीची आहे. याचे केस पोकळ आणि ठिसूळ, हात लावला तरी पुंजक्याने निघतात. पूर्वी ते खोगिरात भरायला वापरत. त्या फार्मवर भिंतीवर पेंढा भरून लावलेला एक जुना नर आहे, त्याच्या खांद्यावर तळहाताएवढा भाग उघडा पडलाय. एवढ्या देखण्या जनावराची अशी दशा माझ्या हातून होऊ नये.

आणि जोडीतली मादी चुकूनही मारली जाता कामा नये. लांबून ओळखायचं कसं? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

दादा, गुरुत्वाकर्षणाचा हिशोब आडव्या अंतरावर होतो. ४५ अंशांच्या उतारावर रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) २०० मीटर दाखवत असेल तर १४० धरून नेम घ्या, वर मारताना आणि खाली मारताना दोन्हीकडे तेच. पण खरं सांगू? १०० मीटरच्या आत जा, मग हा हिशोब जवळजवळ लागतच नाही.

हिवाळ्यात पहाटे गारठा असतो, त्यामुळे जोडी ऊन पडणाऱ्या खडकावर येऊन उभी राहते. पूर्वेचे उतार आधी बघा. तेव्हा वारा डोंगरावरून खाली वाहतो, म्हणून खालून चढा. ऊन तापलं की वारा उलटतो, मग वरून उतरायचं. शिट्टीसारखा आवाज आला की तुम्ही दिसलात, दोघंही तसे ओरडतात. तिथेच गप्प बसून राहा.

आफ्रिकेच्या दक्षिणेकडे मादीला शिंगं नसतात. नराची सरळ, सुळ्यासारखी, कानांच्या उंचीला आलेली असली तर पूर्ण वाढलेला समजा. डोळ्यापुढची काळी ग्रंथी दोघांनाही असते, तिच्यावर जाऊ नका.

नर पहाऱ्याला नेमका शिखरावर, आभाळाच्या रेषेत उभा राहतो. तिथे कितीही मोह झाला तरी गोळी नको. मागे अडायला काही नसतं, शिवाय जनावर कड्यावरून कोसळलं तर कातडीचा प्रश्नच संपला. मागे दगड-माती असलेल्या रुंद पायरीवर येईपर्यंत थांबा.

गोळी हलक्या कॅलिबरची चालेल, पण आत शिरताच फुटणारी नको. बाहेर पडताना ती मोठं भगदाड पाडते.

पडल्यावर पाय धरून ओढायचं नाही, खांद्यावर टाकायचं नाही. जुनी सुती चादर न्या, दोघांनी अलगद उचलून तिच्यात ठेवा आणि झोळीसारखं खाली आणा. फोटोसाठी उलटसुलट करू नका. लगेच सावलीत न्या, आणि कातडी काढण्याचं काम टॅक्सिडर्मिस्टच्या (जनावरात पेंढा भरून देणाऱ्याच्या) माणसाकडेच द्या. आधी फोन करून ठेवा, म्हणजे संध्याकाळपर्यंत पडून राहणार नाही.