मदत हवी आहे : ट्रॉलच्या जाळ्यात टेड कोणी वापरलंय का?

मंडळी, आमच्या मच्छीमार सोसायटीत टेडवर बोलायचं आहे. ट्रॉलच्या जाळ्यात बसवायची ती सळ्यांची चौकट: कासव बाहेर पडतं, कोळंबी आत राहते. ‘थोडी मासळीपण सुटते’ ही तक्रार येणारच, आणि ती अगदी खोटी नाही. पण २०१९ पासून अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं ते आपल्या जाळ्यांत टेड नसल्यामुळेच. शिवाय कासवं एका देशाच्या हद्दीत राहत नाहीत: गुहागरला २०२३ मध्ये सॅटेलाइट टॅग लावलेली बागेश्री नावाची कासवीण श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. तिथे आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा किती पुरणार? हिंदी महासागरातल्या देशांचा कासव करार आहे, पण बंधनकारक नाही.

टेड प्रत्यक्ष वापरलेले कोणी आहात का? मासळी कितपत सुटते? आणि या कराराची सोप्या मराठीत माहिती कुठे मिळेल?