मदत हवी आहे: केमोच्या गाऊनची बाही भिजली, दुसरा कोणता मागवावा?

रात्रपाळी: काल केमोची बाटली बदलताना नळी निसटून औषधाचे चार-पाच थेंब माझ्या बाहीवर पडले आणि मनगटाच्या वर, आतल्या कपड्यापर्यंत ओल पोहोचली. हा गाऊन वॉटरप्रूफ असल्याचे आम्हाला सांगण्यात आले होते. उद्या मागणीपत्र पाठवायचे असल्याने योग्य गाऊन कोणता, एवढेच कृपया कळवावे.

अनामिक_७: गाऊन कशाचा आहे, तो किती वेळ वापरता आणि औषध कोणते होते, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. कातडी साबण-पाण्याने धुतली का?

रात्रपाळी: धुतली, हे काय सांगायचे? औषध पॅक्लिटॅक्सेल होते. गाऊन पातळ, पाठीमागे बांधायचा, विलगीकरण कक्षात वापरतात तोच आहे. पाळीभर एकच पुरतो. मध्ये काढावा लागला तर खुंटीला अडकवतो.

जुना_औषधनिर्माता: पाणी अडवणारे कापड औषधही अडवेलच असे नाही; पॅक्लिटॅक्सेलच्या द्रावणात तर अल्कोहोल असते. पॉलिप्रॉपिलीनवर पॉलिएथिलीनचा थर दिलेला, पुढून सलग, पाठीमागे बंद होणारा, लांब बाह्यांचा आणि मनगटाशी घट्ट बसणारा गाऊन मागवावा. औषध किती वेळात आरपार जाते याची माहिती उत्पादकाने दिलेली नसेल, तर यूएसपी ८०० (घातक औषधे हाताळण्याचे अमेरिकी मानक) नुसार तो दर दोन-तीन तासांनी आणि थेंब उडाल्यास तत्काळ बदलावा लागतो. खुंटीचा उल्लेख वाचून मात्र अंगावर काटा आला.

दोन_जोड्या: गाऊनपेक्षा हातमोजे महत्त्वाचे आहेत, हे मी प्रत्येक धाग्यावर लिहीत आलो आहे. एएसटीएम डी ६९७८ चाचणीचे (केमोची औषधे हातमोज्यातून आरपार जातात का, हे पाहणारी चाचणी), पावडर नसलेले हातमोजे दोन जोड्या घालावेत, आतला गाऊनच्या बाहीच्या मनगटपट्टीखाली आणि बाहेरचा त्या पट्टीवर, आणि ते दर ३० मिनिटांनी बदलावेत.

जुना_औषधनिर्माता: ते बरोबर आहे, पण इथे ओल मनगटाच्या वर लागली आहे आणि तिथवर आपले हातमोजे पोहोचत नाहीत.

काटकसर: आहे त्याच गाऊनवर प्लॅस्टिकचा ॲप्रन बांधला तर खर्च वाचेल.

अनामिक_७: ॲप्रनला बाह्या असतात का?

स्वच्छश्वास: एन ९५ मास्क कण गाळतो, वाफ अडवत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

रात्रपाळी: मास्कविषयी मी विचारलेलेच नाही. मागणीपत्रात ‘वॉटरप्रूफ’ ऐवजी नेमके काय लिहावे?

जुना_औषधनिर्माता: ‘केमोथेरपीच्या औषधांसाठी पारगम्यता-चाचणी झालेला, एकदाच वापरायचा गाऊन’ (म्हणजे औषध कापडातून आरपार जाते का, हे तपासलेला) असे लिहून औषधांची यादी जोडावी आणि त्या प्रत्येक औषधाचा चाचणी-अहवाल पुरवठादाराकडून मागवावा. नग पाळीमागे एक धरू नयेत. कालच्या प्रसंगाची लेखी नोंदही आजच करावी.

अनामिक_७: तो भिजलेला गाऊन सध्या कुठे आहे?

रात्रपाळी: खुंटीलाच आहे. दोन जोड्या हातमोजे घालून केमोच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकायला निघाले आहे.