सांडपाणी तपासून वस्तीच्या अंगातलं शिसं कळतं का?

आकडेमोड:
सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीचं काम करते. लहान मुलांच्या रक्तातलं शिसं तपासायचा प्रस्ताव आमच्याकडे दोनदा बारगळला. आईवडील सुई टोचू देत नाहीत, आणि जे हौसेने मुलांना घेऊन येतात त्यांच्या घरी धोका कमीच असतो. आता बैठकीत एकाने टूम काढलीये: कोरोनाचा विषाणू सांडपाण्यात मोजला, तसंच शिसं, पारा, कॅडमियम, आर्सेनिक मोजू. सुई नको, संमतीपत्र नको, एका बाटलीत हजारो माणसं. इतकं सोपं ऐकलं की मला धास्तीच वाटते. रसायनशास्त्र बेताचं आहे, म्हणून इथे विचारते. प्रक्रिया केंद्राच्या तोंडाशी नमुना घेतला तर लोकांच्या अंगात किती धातू आहे ते कळेल?

जुनी_बाटली:
नाही कळणार. पण बैठकीत नुसतं 'नाही' म्हणू नका, हा हिशोब घेऊन जा.

मी एकोणीस वर्षं सांडपाण्यातले धातू मोजतेय. तो विषाणू गटारात येतो तो माणसाच्या अंगातून. शिसं कुठूनही येतं. समजा, एका माणसाच्या लघवीत लिटरमागे १ मायक्रोग्रॅम शिसं आहे आणि दिवसाची लघवी दीड लिटर. झालं दीड मायक्रोग्रॅम. तोच माणूस आंघोळ-कपडे-भांडी धरून १५० लिटर पाणी गटारात सोडतो. पितळी तोट्या आणि जुन्या सांध्यांमधून त्या पाण्यात लिटरमागे २ मायक्रोग्रॅम उतरलं तर ते झालं ३००. म्हणजे दोनशेतला एक भाग अंगातला, बाकी नळाचा. त्या माणसाच्या लघवीतलं शिसं दुप्पट झालं तरी तुमचा आकडा अर्धा टक्का हलेल. आमच्या मोजमापातली रोजची चूकच त्याहून मोठी असते! पाऊस पडला की रस्त्याची धूळ, ब्रेकमधलं तांबं, टायरमधलं जस्त, सगळं आत.

शौचातून थोडी भर पडते. मोठ्या माणसाचं आतडं गिळलेल्या शिशाचा साधारण दहावा हिस्सा शोषतं, उरलेलं खाली जातं. लहान मुलांत शोषण निम्म्यापर्यंत पोचतं. म्हणजे ज्यांची काळजी करायची तीच पोरं त्यातलं कमी बाहेर टाकतात.

कॅडमियम मूत्रपिंडात दहा-वीस-तीस वर्षं मुक्काम ठोकतं आणि चिमूटचिमूट बाहेर पडतं. पाऱ्याचं म्हणाल तर दातात भरतात त्या चांदीत निम्मा पारा असतो, त्यामुळे पारा वाढला तर आधी दंतवैद्यांच्या सिंकखालच्या गाळण्या बघा. क्रोमियमचा घातक, सहा संयुजेचा प्रकार मैल्यात बराचसा तीन संयुजेचा होऊन जातो. त्या वाटेला जाऊच नका.

आकडेमोड:
आणि आर्सेनिक? यकृत त्याचं रूप बदलतं ना?

जुनी_बाटली:
नेमकं बोट ठेवलंत. शरीर आर्सेनिकला मिथाइल गट जोडतं आणि लघवीतून मुख्यतः डायमिथाइल आर्सिनिक आम्ल टाकतं, तेही थोड्या दिवसांत. नळाला ते सहसा नसतं.

समजा, पाण्यात लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम आर्सेनिक आहे. माणूस २ लिटर प्यायला, १०० पोटात गेलं. पण त्याच पाण्याच्या १५० लिटरमधून ७५०० सरळ गटारात! एकूण आर्सेनिक मोजलंत तर फक्त पाणी मोजलंत. मिथाइल रूप वेगळं काढलंत तर लिटरमागे ०.३-०.४ च्या आसपास सापडावं. रूपं वेगळी करणारा स्तंभ यंत्राला जोडलेला असेल तर ते दिसतं. नमुना मात्र नेहमीसारखा गरम आम्लात उकळायचा नाही, नाहीतर ओळखच पुसली जाते. शिवाय समुद्री खाण्यातूनही हेच रूप तयार होतं आणि गटारातले जीवाणूही थोडं बनवतात. तेव्हा एका आकड्यावर उडी नको, पण चार धातूंत मी पैसा याच्यावर लावेन.

मॅनहोल:
नमुना घेणारा बोलतोय. पहाटे एक मग भरून आणलात तर ती वस्ती नव्हे, कुणाचं तरी धुणं. चोवीस तासांचा, प्रवाहाच्या प्रमाणात गोळा केलेला नमुना हवा. बाटल्या आम्लाने धुतलेल्या, आणि सोबत शुद्ध पाण्याची एक बाटली अख्खा प्रवास करून आणायची. आम्ही एकदा महिनाभर शिसं वाढल्याची बोंब मारली होती. शिसं निघालं आमच्याच पंपाच्या पितळी जोडात. पावडरवाले हातमोजे घातलेत तर जस्तही फुकट मिळेल.

जुनी_बाटली:
तो महिना मी विसरलेले नाही. सगळे अहवाल मीच परत घेतले होते.

आकडेमोड:
म्हणजे आर्सेनिक सोडलं तर गाशा गुंडाळायचा?

जुनी_बाटली:
थांबा. प्रश्न बदला. 'अंगात किती' हे सोडा, 'नळातून अचानक काय सुटलं' हे विचारा. आणि त्यासाठी पाणी नको, प्रक्रिया केंद्रात तळाशी बसणारा गाळ घ्या. शिसं कणांना चिकटून गाळात बसतं आणि तिथे मोजायला सोपं जातं.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, पण नळांची झीज रोखणारं फॉस्फेट घातलं नाही, आणि नळांतलं शिसं पाण्यात सुटलं. नागरिकांनी शहरभर नळाच्या पाण्याचे नमुने गोळा केले ते ऑगस्ट २०१५ पासून. गाळ मात्र महिन्याच्या महिन्याला तपासला जात होता, नेहमीचं काम म्हणून. २०१९ मध्ये संशोधकांनी ते आकडे उपसले. संकटाच्या १८ महिन्यांत गाळातलं शिसं एकूण १४ टक्केच वाढलेलं, पण त्या वाढीतला ७६ टक्के भाग जुलै ते सप्टेंबर २०१४ या तीन महिन्यांतला! आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना केली, तर सहा वर्षांखालच्या ज्या मुलांच्या रक्तात जास्त शिसं होतं त्यांचं प्रमाण ३.४५ वरून ६.६१ टक्क्यांवर गेलेलं. नळाचे नमुने गोळा होईस्तोवर सगळ्यात वाईट काळ उलटून गेला होता.

तेव्हा बैठकीत सांगा: गाळ आम्हाला महिना दाखवेल, वरच्या बाजूचे मॅनहोल गल्ली दाखवतील, मुलाचं रक्त तपासायला सुई लागेलच. पण मग ती कुठे टोचायची ते ठाऊक असेल.

तुमच्या केंद्रात गाळाची जुनी वही असेलच. काढा, आणि आकडे कोरड्या वजनावर आहेत की ओल्या ते आधी बघा.

आकडेमोड:
वही मिळाली. अकरा वर्षांचं शिसं आहे, एकही महिना चुकलेला नाही. एककाचा रकाना कोरा.

जुनी_बाटली:
लिहिणारा निवृत्त झाला असेल तर पत्ता काढा, घरी जा. फोनवर आठवत नाही कुणाला.