धनेशाला जायपत्रीचं तेल पचतं तरी कसं?

सड्यावरची
आमच्या राईतल्या बेहड्याच्या ढोलीत यंदाही महाधनेशाची मादी स्वतःला लिंपून बसली आहे (गावात याला गरुडच म्हणतात). ढोलीखाली रानजायफळाच्या बियांचा सडा. परवा एक उचलली, तर वरची लाल जायपत्री साफ निघालेली आणि बी जशीच्या तशी. शेजारी एक अख्खं फळ पडलं होतं. त्याची जायपत्री चोळून पाहिली तर बोटं दोनदा साबणानं धुवावी लागली. आई म्हणते, "आपण एवढं खाल्लं तर पित्त खवळेल!" मग याला कसं पचतं?

उंबरखाऊ
धनेश जास्त करून वडा-उंबरावरच असतो ना? ती साखर, लगेच पचते.

पेषणी
उंबर खातोच, पण तेलकट फळंही खातो. आईंना सांगा, पित्तामुळेच पचतं. बी उलटून टाकली की पोटात गर राहतो. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून पित्तातले क्षार आधी त्याचे बारीक थेंब करतात, मग लायपेज हे चरबी पचवणारं विकर ते तोडतं. शिवाय पक्ष्यांना आतड्यातला माल उलटा पेषणीत (अन्न दळणाऱ्या जठरात) ढकलता येतो, म्हणजे पित्त आणि तेल पुन्हा घुसळलं जातं. आपलं असं झालं तर डॉक्टर गाठावा लागेल!

याची कमाल अमेरिकेतल्या यलो-रम्प्ड वॉर्बलरनं केली आहे. बेबेरीच्या फळावर मेणाचा थर असतो, त्याच्या मेणबत्त्या करतात. हा चिमुकला पक्षी त्या मेणातलं ८० टक्क्यांहून जास्त पचवतो. १९९२ च्या अभ्यासात कारणं दिसली तीच: दाट पित्त, तेलाचा आतड्यातला संथ प्रवास आणि हे उलटं ढकलणं.

पचलेली चरबी आपल्यात लसिकेतून (शरीरातल्या रक्तापासून वेगळ्या, पातळ द्रवाच्या वाहिन्यांतून) फिरून रक्तात येते. पक्ष्यांत ती थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत शिरते.

उंबरखाऊ
पण पारव्याला पित्ताशयच नसतं असं वाचलंय.

पेषणी
बरोबर, बहुतेक पोपटांनाही नसतं. पण पित्त बनतं यकृतात, पित्ताशय नुसतं कोठार. कोठार नसलं की ते सरळ आतड्यात उतरतं.

सड्यावरची
आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "त्याचं पित्त राबतं, माझं नुसतं खवळतं." आज सकाळी नर आला. घशातून एकेक फळ वर काढून फटीतून आत देत होता. सातव्यानंतर माझा चहा उतू गेला, पुढचं मोजणं राहिलं.