देवाची वाट पाहायची म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रभूमध्ये सर्वांना नमस्कार. मदत हवी आहे. एका गोष्टीसाठी बरेच महिने प्रार्थना चालू आहे, उत्तर नाही. मंडळीत (चर्चमध्ये) विचारलं की "धीर धर, देवाची वेळ असते" एवढंच ऐकायला मिळतं. खरं असेलही, पण तोवर रोज करायचं काय?

बायबलमधला अब्राहाम देवाच्या वचनावर हारान गाव सोडून निघाला तेव्हा 75 वर्षांचा होता, वचनाचा मुलगा इसहाक झाला तेव्हा 100. मधे त्याची बायको सारा हिने दासी हागारेकडून मूल मिळवायचा मार्ग काढला आणि घरात भांडणं आली, हे कळतं. पण योसेफानेही तुरुंगातून सुटण्यासाठी तिथल्या प्यालेबरदाराला (राजाला पेय देणाऱ्या सेवकाला) "माझी आठवण ठेव" म्हटलंच ना? (तो पठ्ठ्या पुढे दोन वर्षं विसरला, ते वेगळं.) ती खटपट मला तरी चुकीची वाटत नाही. मग हातपाय हलवणं कुठवर विश्वास आणि कुठून उतावीळपणा, हे ओळखायचं कसं?

शिवाय 13व्या स्तोत्रात दावीद राजा देवाला सरळ "कुठवर?" विचारतो. तसं रोज विचारलं तर ती कुरकुर होते का? रात्री प्रार्थनेला बसलं की माझं मागणं दोन वाक्यांत संपतं, मग डोक्यात हिशेब सुरू: त्यांचं झालं, आपलंच का अडलं?

अशा काळातून गेलेल्यांनी कृपया लिहा. वचनं जरूर पाठवा, पण तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत तेही सांगा.