मदत हवी आहे: दोन नेक्स्टक्लाउड सर्व्हरमधलं फेडरेटेड शेअरिंग अडतंय (शाहूपुरी–शिरोली)

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी,

आमचं पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) बनवायचं काम कोल्हापुरात शाहूपुरीत चालतं आणि कास्टिंग होतं शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत. ड्रॉइंग आजवर पेनड्राइव्हवर नाहीतर व्हॉट्सॲपवर जायची. ग्राहकाने बोअरचं माप बदलून सुधारित ड्रॉइंग पाठवलं तरी मोल्डिंगच्या मिस्त्रींच्या फोनवर जुनंच पडून असायचं. भट्टीतून ओतून झाल्यावर ते कळून काय उपयोग? अख्खा लॉट भंगारात.

म्हणून दोन्हीकडे नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या मशीनवर चालणारं फाइल साठवायचं आणि शेअर करायचं सॉफ्टवेअर) बसवलं. त्यातलं फेडरेटेड शेअरिंग म्हणजे एका सर्व्हरवरचा फोल्डर दुसऱ्या सर्व्हरच्या वापरकर्त्याला शेअर करणं. एकच का नाही, असं कोणी विचारेल. फौंड्रीचे मालक वेगळे आहेत, त्यांचे वापरकर्ते आणि कागदपत्रं त्यांच्याच मशीनवर राहावीत अशी त्यांची इच्छा आहे आणि ती मला रास्त वाटते.

मांडणी अशी: दोन्हीकडे उबुंटू. शाहूपुरीला स्टॅटिक आयपी आहे. शिरोलीचं कनेक्शन सीजीनॅटमागे (इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते), बाहेरून आत शिरताच येत नाही. त्यामुळे दोन्ही मशीन टेलस्केलने (खासगी व्हीपीएन) जोडल्या आणि शिरोलीचं डोमेन तिथल्या १०० ने सुरू होणाऱ्या टेलस्केल आयपीवर वळवलं. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट डीएनएस चॅलेंजने घेतलंय, ब्राउझर तक्रार करत नाही.

अडचण अशी आहे की शिरोलीहून मला फोल्डर शेअर केला तर सूचना येते, मी स्वीकारतो, फोल्डर यादीत येतो, पण उघडत नाही. उलट मी शिरोलीच्या आयडीवर शेअर करायला गेलो तर जागीच नकार: युजर सापडला नाही, सर्व्हर कदाचित बंद आहे किंवा सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट वापरतोय. ट्रस्टेड सर्व्हर्समध्ये शिरोलीचा पत्ता इकडे जोडूनच घेत नाही. तिकडे माझा पत्ता जोडला गेला, पण ठिपका पिवळाच. मजा म्हणजे टर्मिनलवरून कर्ल (वेब पत्त्यावर विनंती पाठवणारी कमांड) मारलं तर शिरोलीचा सर्व्हर लगेच उत्तर देतो. लॉगमध्ये ‘व्हायोलेट्स लोकल ॲक्सेस रूल्स’ अशी ओळ वारंवार येते.

पावसाळा तोंडावर आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात इथं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठायच्या आत सगळी ड्रॉइंग शिरोलीशी जोडलेली असावीत, एवढीच धडपड आहे. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

उद्यमनगरकर

तुमच्या लॉगमधल्या ओळीतच उत्तर आहे. नेक्स्टक्लाउड स्वतः होऊन खासगी आयपीवर विनंती पाठवत नाही. पाठवू दिली, तर खातं असलेला कोणीही तुमच्या सर्व्हरला पुढे करून ऑफिसातला राउटर, प्रिंटर चाचपू शकेल. १० आणि १९२.१६८ वाले पत्ते त्यात येतातच, पण १००.६४.०.०/१० हा पट्टाही येतो. हा पट्टा २०१२ मध्ये सीजीनॅटसाठी राखून ठेवला गेला आणि टेलस्केल आपले पत्ते त्यातूनच देतं. कर्लला हा नियम लागू नाही, म्हणून ते चालतं.

आता एकाच बाजूने का अडतं ते बघा. शिरोलीहून शेअर केलं की सूचना शिरोलीचा सर्व्हर पाठवतो, तुमचा पत्ता सार्वजनिक आहे, ती पोचते. पण स्वीकारल्यानंतर फाइली आणायला तुमच्या सर्व्हरला वेबडॅव्हने (नेटवरून फाइली वाचायची पद्धत) शिरोलीकडे जावं लागतं आणि तिथं तो स्वतःलाच अडवतो. तुम्ही शेअर करता तेव्हा तर पहिली विनंतीच तुमच्याकडून निघते, म्हणून जागीच नकार.

उपाय फक्त शाहूपुरीच्या कॉन्फिग फाइलमध्ये: ‘अलाऊ लोकल रिमोट सर्व्हर्स’ हे चार शब्द स्मॉल अक्षरांत, अंडरस्कोअरने जोडून, किंमत ट्रू. ओसीसी (नेक्स्टक्लाउडची टर्मिनलवरची कमांड) वापरून टाकणार असाल तर टाइप बूलियन द्यायला विसरू नका. यानंतर मघाशी सांगितलेलं संरक्षण निघून जातं, त्यामुळे फायरवॉलमध्ये त्या मशीनला ऑफिसच्या बाकी उपकरणांकडे जायची वाट बंद करा. हे मी आवर्जून सांगतोय.

पिवळ्या ठिपक्याचं म्हणाल तर दोन्ही ॲडमिननी एकमेकांना जोडल्याशिवाय तो हिरवा होत नाही, आणि गुप्त किल्लीची देवाणघेवाण बॅकग्राउंड जॉबमधून होते. तो एजॅक्सवर (कोणी पान उघडलं तरच चालणारा) असेल तर क्रॉनवर (सर्व्हरच्या स्वतःच्या वेळापत्रकावर) न्या, दर ५ मिनिटांनी. तसं नुसत्या शेअरिंगला ट्रस्टेड सर्व्हर लागत नाही. समोरच्यांची नावं टाइप करताना आपोआप सुचावीत यासाठी त्याचा उपयोग.

शाहूपुरीकर

दादा, खरंच मनापासून आभार. किंमत बदलल्याबरोबर फोल्डर उघडला, इकडून शेअरही गेला. क्रॉन लावल्यावर ठिपकेही हिरवे झाले. फायरवॉलचं काम चालू आहे. आता पूर आला आणि इथली मशीन बंद करावी लागली, तर शेअर केलेली ड्रॉइंग शिरोलीत दिसत राहतील ना?

रंकाळ्याकाठचा

नाही दिसणार. यात बहुतेकांची गल्लत होते म्हणून सविस्तर लिहितो.

फेडरेटेड शेअर ही फक्त खिडकी आहे. शिरोलीत मिस्त्रींनी ड्रॉइंग उघडलं की ते त्या क्षणी तुमच्या डिस्कवरून वाचलं जातं, तिथं प्रत राहत नाही. तुमची मशीन बंद, तर फोल्डरही बंद.

रोजच्या कामासाठी शिरोलीतल्या एका पीसीवर नेक्स्टक्लाउडचा डेस्कटॉप क्लायंट बसवा आणि त्यात तुमच्या सर्व्हरचं खातं जोडून ड्रॉइंगचा फोल्डर सिंक करा. विंडोज असेल तर व्हर्च्युअल फाइल्स बंद ठेवा, नाहीतर डिस्कवर नुसती नावं येतील. पण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथं चुकून डिलीट झालं की तिथंही होतं.

बॅकअपसाठी रेस्टिक हे सॉफ्टवेअर वापरा, रात्री टेलस्केलवरून एसएफटीपीने शिरोलीच्या मशीनवर. डेटा फोल्डरबरोबर डेटाबेसचा डंप आणि कॉन्फिग फाइलही घ्या, आणि तेवढा वेळ मेंटेनन्स मोड चालू ठेवा. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर बॅकअप कोणालाच उघडता येत नाही, तेव्हा तो कागदावर लिहून फौंड्रीतल्या कपाटात ठेवा.

पहिली फेरी आताच पूर्ण करून घ्या. पाणी चढायला लागल्यावर हार्ड डिस्क घेऊन शिरोलीला जाऊ असं मनात असेल तर ते सोडा. दोन्ही पुरांत शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता.

शाहूपुरीकर

समजलं. रेस्टिक लावलं, पहिली फेरी पुरी झाली. शिरोलीच्या मशीनवरून एक जुनं पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंग परत काढून कॅडमध्ये उघडलं, मापं आणि शेवटची रिव्हिजन बरोबर आहे. पासवर्डचा कागद उद्या फौंड्रीत पोचवतो.