शेवटची स्टेज, घरात एकटाच, बोलायचं कोणाशी?

नाशिककर_पंचवटी
नमस्कार मंडळी. वय ५२, लग्न केलं नाही, आई गेल्यापासून वन बीएचकेत एकटाच. कावीळ आणि पोटदुखी म्हणून तपासायला गेलो तर स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, लिव्हरमधे पसरलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन होणार नाही, केमोने थोडे महिने वाढतील, बरं होणार नाही. केमोचं माझं मी बघतोय, ते विचारत नाहीये. प्रॉब्लेम असा की बोलायला कोणी नाही, म्हणजे माणसं आहेत पण बोलू देत नाहीत. भाऊ सिडकोत राहतो, विषय काढला की "असलं काही मनात आणू नकोस" म्हणतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो. ऑफिसच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी येतात. परवा मोबाईल रिचार्जला गेलो तर दुकानातला पोरगा म्हणे काका वर्षाचाच मारा, स्वस्त पडतो, मला तिथेच हसू फुटलं आणि बाहेर येऊन गाडीवर बसून रडलो. दिवस जातो कसातरी पण रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच. कोणी यातून जातंय का? मन कसं सांभाळता?

माई_सातारा
दादा, मी ब्रेस्ट कॅन्सरवाली, हाडांत गेलाय. घर भरलेलं आहे माझं, नवरा मुलं सून सगळे, तरी यात एकटीच आहे, त्यामुळे एकटं राहता म्हणूनच असं होतंय असं समजू नका. जो तो पॉझिटिव्ह राहा म्हणतो, मग त्यांच्यासाठी आपणच हसरा चेहरा करायचा, त्याचाच थकवा जास्त येतो मला तर. शेवटी शेजारणीला सांगून टाकलं की बाई तू मला धीर द्यायचा नाही, चहा घेऊन यायचं आणि नुसतं ऐकायचं. ती ऐकते. असं एकच माणूस शोधा, ते नात्यातलंच हवं असं काही नाही.
आणि रात्रीचं एक बघा, जाग नक्की कशाने येते? मला वाटायचं काळजीने, पण आधी पाठ ठणकायची, त्याने डोळे उघडायचे आणि मग डोकं सुरू. गोळी बदलून घेतली तशी झोप लागायला लागली. रडू येतं अजून, पण दिवसा येतं, ते परवडतं.

शुभचिंतक७७
एक वैद्य आहेत, २१ दिवसांत गाठ विरघळते, पत्ता हवा तर खाजगी मेसेज करा.

माई_सातारा
इथे नको हो हे. कृपा करा.

सिस्टर_पॅलिएटिव्ह
मी पॅलिएटिव्ह विभागात नर्स आहे. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना सरळ म्हणा, मला पॅलिएटिव्ह केअरकडे पाठवा. लोकांना वाटतं हे अगदी शेवटी असतं, तसं नाही, केमो चालू असतानाही घेता येतं आणि त्यात दुखणं, मळमळ, झोप यांच्यासोबत मनाचंही बघतात. या कॅन्सरचं दुखणं पाठीत जातं, माई म्हणतात ते तपासून घ्याच. मॉर्फिनचं नाव ऐकून घाबरू नका, डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसने घेतलं तर व्यसन लागायची भीती फार कमी. बद्धकोष्ठता मात्र होते, त्याचं औषध सोबतच मागायचं. मॉर्फिन सगळ्या मेडिकलमधे मिळत नाही, कुठे मिळेल ते तिथेच विचारून घ्या.
रात्री अगदीच असह्य झालं, जगणंच नको असं वाटलं तर १४४१६ लावा, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. पुढे घरी झेपेनासं झालं तर पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७ पासून, पैसे घेत नाहीत, मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, तेही अशाच पेशंटसाठी. एकटे आहात तर सोबत कोण लागेल ते फोनवर आधीच विचारा.
आता भाऊ. आमच्याकडे असे भाऊ रोज बघते, बोलायचंय म्हटलं की पळतात, काम दिलं की धावत येतात. बँकेचा नॉमिनी, फ्लॅटचे कागद काढून बसा त्याच्यासोबत. लिव्हिंग विलही करून ठेवता येतं, व्हेंटिलेटर वगैरे हवं की नको ते त्यात लिहायचं, सुप्रीम कोर्टाने २०१८ मधे मान्य केलंय, २०२३ मधे सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी पुरे. आपल्या वतीने कोण बोलणार त्याचं नाव त्यात घालावं लागतं. ते नाव विचारायच्या निमित्ताने विषय निघतोच.

नाशिककर_पंचवटी
सगळ्यांचे आभार. माई, पाठ दुखतेच, गॅस म्हणून सोडून देत होतो. भावाला नॉमिनीचं बोललो, आधी गप्प, मग म्हणाला रविवारी येतो. वहिनी मागून ओरडली की जेवायचं घेऊन येते, तिच्या हातचं भरीत सोसेल का ते माहीत नाही पण नको म्हणालो नाही. सोमवारी ओपीडी आहे, पॅलिएटिव्हचं विचारतो.

माई_सातारा
भावाला सोबत न्या. आणि किती दुखतं विचारलं की दहापैकी आकडा सांगायचा, "थोडंसं" म्हणायचं नाही, तुम्ही पुरुषमंडळी फार "थोडंसं, थोडंसं" करता.